डिफरन्शियलचा घुमणारा आवाज : पुरात भिजलेली ३२८आय, क्राऊन-पिनियन बदलू की नुसती बेअरिंग?

कुपवाडकर (सांगली, एमएच १०)

मंडळी नमस्कार. गाडी बीएमडब्ल्यू ३२८आय, ई-३६ बॉडी, १९९७ ची, २.८ चं सरळ सहा सिलेंडर इंजिन आणि पाच गियरची मॅन्युअल. आधीच्या मालकाकडं ही सांगलीतच गावभागात शेडमध्ये उभी असायची आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात तिथंच अडकली. पाणी हबच्या वर गेलं होतं पण सीटला लागलं नव्हतं, दाराच्या आतल्या पत्र्यावर गाळाची रेघ अजून दिसते त्यावरनं कळतं. पूर ओसरल्यावर एका गॅरेजनं इंजिनचं आणि गियरबॉक्सचं ऑइल बदललं, ब्रेक केले, कार्पेट वाळवलं आणि गाडी हातात दिली. ते बिल माझ्याकडं आहे, त्यात मागच्या हाऊसिंगच्या (डिफरन्शियलच्या, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या पेटीच्या) ऑइलचा उल्लेखच नाही. मी गाडी घेतली ती गेल्या दिवाळीत.

आता आवाज. ६० च्या पुढं मागनं घूंऽऽ असा सुरू होतो, ८० ते ९० ला सगळ्यात जास्त, त्याच्यावर वाऱ्यात मिसळून जातो. शंभर फुटी रोडवर ट्रॅफिकमध्ये काही कळत नाही पण पेठ नाक्याला जाताना गुळगुळीत डांबर लागलं की मागं बसलेला माणूस विचारतोच की हे काय वाजतंय. अ‍ॅक्सिलरेटर दिला काय आणि सोडला काय, फारसा फरक नाही. पाचव्यातनं चौथ्यात टाकली तरी आवाज इंजिनबरोबर चढत नाही, गाडीच्या स्पीडबरोबरच राहतो. स्टिअरिंग डावीकडं-उजवीकडं हलवून बघितलं, बदल नाही. टायर पुढचे मागं करून झाले. प्रोपेलर शाफ्टचं सेंटर बेअरिंग आणि रबर कपलिंग दोन्ही नवीन आहेत.

रविवारी ड्रेन प्लग काढला. जे बाहेर आलं ते ऑइल म्हणवत नाही, चहात जास्त दूध पडल्यासारखा रंग आणि शेवटी करडी पेस्ट. मागच्या झाकणावर स्पीडोमीटरचा सेन्सर असतो तो पण काढून बघितला, टोकावर लोखंडाच्या बारीक पावडरीची मिशी उगवलेली. चमकणारे तुकडे मात्र कुठं नाहीत.

इथं दोन मिस्त्रींना दाखवली. एक म्हणतो क्राऊन-पिनियनचा सेट (आतल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांची जोडी) गेला, सेट आणा मग बोला. दुसरा म्हणतो कशाला उघडताय, १४० नंबर ऑइल घाला, आवाज दबतोय. मला दोन्ही पटेना. मी कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे, प्रेस आणि लेथची सोय ओळखीनं होते, स्टँडचं डायल गेज घरी आहे. स्वतः उघडायची तयारी आहे. प्रश्न एवढाच की नवीन सेट शोधत बसू की आहे तोच ठेवून बेअरिंग बदलू?

रिव्हर्स_गियर (पुणे, एमएच १२)

अख्खा डिफरन्शियल वापरलेला आणा आणि मोकळे व्हा राव. कुर्ल्याला शोधलं की ई-३६ चा माल अजून निघतो, थोडा वेळ लागतो पण निघतो. उघडून बेअरिंग, सील, शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या), वर मजुरी, एवढं करून परत आवाज राहिला तर सगळं डबल. फक्त दोन गोष्टी बघून घ्या. एक म्हणजे हाऊसिंगवर पत्र्याची छोटी पट्टी असते तिच्यावर रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे) लिहिलेला असतो, तुमच्या मॅन्युअल ३२८ ला २.९३ पाहिजे. दुसरं म्हणजे ३१८ चा डिफरन्शियल छोट्या केसचा येतो, तो तुमच्या गाडीला सरळ बसणार नाही, दुकानदार काहीही म्हणू दे. पट्टीवर रेशोच्या आधी एस असेल तर तो लिमिटेड स्लिपवाला म्हणजेच एलएसडी (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा), तसा मिळाला तर भाव न करता उचला, चांगला एलएसडी परत दिसत नाही.

मिरज_लोकल

१४० नंबरवाल्या मिस्त्रीला माझा नमस्कार सांगा 😂 आमच्या गल्लीत एकानं जीपच्या हाऊसिंगमध्ये आवाज दाबायला काय काय घातलं होतं ते इथं लिहिता यायचं नाही. आवाज दबतो ओ, बेअरिंग थोडंच दबतंय, ते आपलं खातच राहतंय आतल्या आत. भावा उघडच तू. आणि एक, बेअरिंग "बीएमडब्ल्यूचं द्या" म्हणून मागू नको. जुन्या बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो, तो साफ करून लिहून घे आणि बेअरिंगच्या दुकानात नंबरानं माग. टेपर रोलर बेअरिंग आहे ते, गाडीचं नाव घेतलं की किंमत बदलती.

जुना_टर्नर (कोल्हापूर)

कुपवाडकर, तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत म्हणून सविस्तर लिहितो. उद्यमनगरात माझा जन्म गेला या कामात, ट्रकपासून रेसिंगच्या गाड्यांपर्यंत हाऊसिंग उघडलीत. सेट शोधायला अजिबात जाऊ नका, निदान आत्ता तरी नाही.

क्राऊन-पिनियनचे दात बिघडले असते तर आवाज लोडप्रमाणे बदलला असता. गाडी ओढत असताना दाताची एक बाजू लागते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की दुसरी. म्हणून दाताचा आवाज एका वेळी रडतो आणि दुसऱ्या वेळी गप्प बसतो, किंवा सूर तरी बदलतो. तुमचा दोन्हीकडं सारखा आहे. गुरगुरणं लोडला जुमानत नाही म्हणजे बेअरिंग. वळवल्यावर फरक नाही म्हणजे चाकाच्या बेअरिंगवर संशय कमी. राहिलं पिनियनचं आणि क्राऊनच्या दोन बाजूंचं. त्यातलं पिनियनचं जास्त फिरतं. ८० च्या स्पीडला तुमचं चाक मिनिटाला साधारण पावणेसातशे फेरे घेणार, पिनियन त्याच्या २.९३ पट, म्हणजे दोन हजाराच्या आसपास. तुमच्या गियरबॉक्समध्ये पाचवा गियर डायरेक्ट आहे, त्यामुळं पाचव्यात टॅकोमीटर जो आकडा दाखवतो तेवढेच पिनियनचे फेरे, वेगळा हिशेब करायला नको.

आता पाण्याचं. ब्रीदरमधनं (हाऊसिंगच्या हवेच्या भोकातनं) आणि सीलमधनं पाणी हाऊसिंगमध्ये शिरतं. पाणी जड, ते तळाला बसतं आणि ऑइल वर तरंगतं. हायपॉइड सेटमध्ये पिनियन हा क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो, मुद्दामच तसा असतो, त्यामुळं दात लांब मिळतो आणि शाफ्ट खाली येतो. म्हणजे तुमच्या गाडीत पूर होता तोवर, आणि नंतर गाडी नुसती उभी होती तोवर, पिनियनची बेअरिंग पाण्यात आणि क्राऊनचा वरचा भाग ऑइलात अशी परिस्थिती. उघडाल तेव्हा पिनियनच्या बेअरिंगच्या कपवर (बाहेरच्या कड्यावर) बरोबर रोलरच्या अंतरानं उभ्या गंजाच्या रेघा दिसतील. रोलर जिथं टेकून थांबला तिथंच गंज धरतो. त्या रेघांवरनं रोलर पळाले की घूंऽऽ.

दात बघा. दातावर तपकिरी डाग असतील तर चालतील, नख फिरवून खड्डा लागला तर मग सेटचं बोलू. खड्डा नसेल तर हाच सेट ठेवायचा. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडी करून येतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो, आणि त्यावर तुमची गाडी इतकी वर्षं पळालीय. जात्याचे दोन दगड एकमेकांना लागून बसलेले असतात तसंच हे आहे, एक बदलला की दोन्ही वाया. वापरलेला अख्खा डिफरन्शियल आणायला माझी ना नाही, पण त्याच्या बेअरिंगचं वय तुमच्याएवढंच असणार. तो पण उघडावाच लागेल, मग आपलाच काय वाईट.

काम करताना सगळ्यात महत्त्वाचं ते खोलायच्या आधी. घाई करू नका. मागचं झाकण काढल्यावर, बाकी एकही नट ढिला करायच्या आधी, डायल गेजचं टोक क्राऊनच्या दाताच्या बाहेरच्या टोकाला काटकोनात लावा, पिनियन धरून ठेवा आणि क्राऊन हलवून बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) मोजा. क्राऊन फिरवत चार-पाच जागी मोजा. एखाद्या जागी कमी-जास्त असेल तर तेही लिहा, त्यातनं क्राऊन वाकडा फिरतोय का ते कळतं. मग दाताला रंग लावून पॅटर्न (दात एकमेकांना कुठं टेकतात त्याचा ठसा) बघा आणि फोटो काढा. प्रशियन ब्लू मिळाला नाही तर शेंदूर ऑइलात घट्ट कालवून लावा, पूर्वी सगळे तेच करायचे, फक्त त्यात शिसं असतं तेव्हा हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका. हा फोटो आणि हा बॅकलॅश हेच तुमचं पुस्तक. नवीन सेट असता तर कंपनीचे आकडे धरले असते. वापरलेल्या सेटला तो जिथं बसला होता तिथंच परत बसवायचा असतो.

या हाऊसिंगला दोन बाजूंना झाकणं आहेत, त्यात क्राऊन ज्यावर बसतो त्या कॅरिअरची बेअरिंग बसतात आणि झाकणाखाली शिम असतात. डावीकडच्या शिम डावीकडच्या पिशवीत, उजवीकडच्या उजवीकडच्या, पिशवीवर मार्करनं लिहायचं. दोन्ही मिळून जाडी किती त्यावर बेअरिंगचा ताण ठरतो आणि कुठल्या बाजूला किती त्यावर बॅकलॅश. क्राऊनच्या पाठीकडची शिम काढून पलीकडं घातली की क्राऊन पिनियनच्या जवळ सरकतो, बॅकलॅश कमी होतो. उलट केलं की वाढतो. झाकणाचे ओ-रिंग नवीन घ्या, जुने पुन्हा वापरले तर ऑइल झिरपतं आणि मग लोक सीलला शिव्या देतात.

पिनियन काढताना फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जोडायची चकती), नट आणि पिनियनचं टोक यांच्यावर पंचनं एका रेषेत खूण. दोन बेअरिंगच्या मधे क्रश स्लीव्ह (आवळताना चेपून बेअरिंगचा ताण ठरवणारी नळी) निघेल, ती फेकून द्या, परत वापरायची नसते. पिनियनच्या खोलीची शिम जशी निघेल तशी जपून ठेवा. जुनं आणि नवीन हेड बेअरिंग (पिनियनच्या दाताकडचं) कपसकट एकावर एक ठेवून मायक्रोमीटरनं उंची मोजा, जेवढा फरक तेवढाच शिममध्ये फरक करायचा. बहुतेक वेळा मिलिमीटरच्या शंभरातले दोन-तीन निघतात, कधी काहीच नाही. जुन्या हेड बेअरिंगचा आतला बोअर एमरीनं घासून सरकता करून ठेवा, सेटिंग बघताना दर वेळी प्रेसवर पळावं लागत नाही.

उघडलं की फोटो टाका.

घाटवाला (सातारा, एमएच ११)

काकांनी सगळं सांगितलंयच, मी फक्त क्रश स्लीव्हचं वाढवतो कारण तिथं सगळ्यांचा घाम निघतो. कुपवाडकर, ती स्लीव्ह चेपायला सुरुवात होईपर्यंत पाना असा अडतो की वाटतं आटे गेले. फ्लँजला बोल्ट मारून लांब पट्टी जोडा, ती जमिनीला टेकवा, पान्याला पाईप लावा. एकदा चेपायला लागली की मग मात्र अगदी थोडं-थोडं, दर वेळी पिनियन हातानं फिरवून बेअरिंग बसू द्यायचं आणि ताण मोजायचा. जास्त आवळलं गेलं तर नट ढिला करून चालत नाही, स्लीव्ह परत फुगत नसते, नवीनच टाकायची. म्हणून दोन स्लीव्ह आणून ठेवा, स्वस्त आहे.

ताण मोजायला महागडा डायलवाला टॉर्क पाना नसला तरी चालतो. क्राऊन बसवायच्या आधी, नुसता पिनियन हाऊसिंगमध्ये असताना, फ्लँजवर दोरा गुंडाळा आणि स्प्रिंगचा काटा लावून हळू सारखा ओढा. सुरुवातीचा झटका धरू नका, फिरत असताना जो आकडा स्थिर राहतो तो घ्या. समजा फ्लँजची त्रिज्या ५ सेमी आणि काट्यावर ३ किलो आले तर १५ किलो-सेंटीमीटर, म्हणजे जवळपास दीड न्यूटन-मीटर. तुमच्या डिफरन्शियलचा नेमका आकडा रिपेअर मॅन्युअलमधनं घ्या, आणि नवीन बेअरिंगचा आकडा वापरलेल्या बेअरिंगपेक्षा जास्त असतो हे लक्षात ठेवा, मॅन्युअलमध्ये दोन्ही वेगळे दिलेले असतात.

अजून एक. पाणी हबच्या वर होतं म्हणताय तर मागच्या चाकांची बेअरिंग पण त्याच पाण्यात होती. आज वाजत नसतील पण डिफरन्शियल गप्प झाला की ती ऐकू यायला लागतील, मग म्हणाल काम फसलं. हाफ शाफ्ट सुटलेलेच असतील तेव्हा चाक हातानं फिरवून, स्प्रिंगवर बोट ठेवून बघा, खरखर बोटाला कळते. शाफ्टच्या बुटात (सांध्यावरच्या रबरी टोपणात) पण पाणी गेलेलं असू शकतं, ग्रीस पांढरट दिसलं की समजायचं.

एलएसडीचं रिव्हर्स_गियर म्हणतात ते मला आवडलं 😄 यवतेश्वरच्या घाटात पावसात वळणावर आतलं चाक नुसतं फिरतं तेव्हा फार आठवण येते त्याची. पण ते वेगळं खातं आहे, या कामात घुसडू नका.

कुपवाडकर (सांगली, एमएच १०)

उघडला. काकांनी न बघता जे लिहिलं होतं ते तसंच्या तसं निघालं, मी कप हातात घेऊन बघतच बसलो. पिनियनच्या हेड बेअरिंगच्या कपवर खालच्या अर्ध्या भागात काळपट रेघा, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, आणि त्यातल्या दोन-तीन रेघांच्या कडेनं पापुद्रा सुटायला लागलेला. वरच्या अर्ध्या भागात आरशासारखं. म्हणजे पाण्याची पातळी कुठं होती तेसुद्धा त्या कपवर दिसतंय. पिनियनचं फ्लँजकडचं छोटं बेअरिंग पण तसंच पण कमी. क्राऊनच्या बाजूच्या दोनपैकी एकाला हलके डाग. दातांवर तपकिरी छटा आहे, नखाला काही लागत नाही.

खोलायच्या आधीचा बॅकलॅश ०.१४ मिमी, एका जागी ०.१६. पॅटर्न दाताच्या मधोमध, थोडासा आतल्या टोकाकडं कललेला. फोटो टाकलेत.

बेअरिंगच्या नंबरांचं मिरज_लोकल बरोबर बोलला. बाजूची दोन्ही इथंच मिळाली, पिनियनची मागवावी लागली. सील, ओ-रिंग, दोन स्लीव्ह आल्या. नवीन हेड बेअरिंगची उंची जुन्यापेक्षा ०.०१ नं जास्त निघाली, ती मी सोडून दिली, शिम तीच ठेवली. ताण काट्यावर मोजून मॅन्युअलच्या आत आणला, पहिल्याच स्लीव्हमध्ये. पाईप मात्र वाकला.

आता अडलंय ते इथं. त्याच शिम त्याच बाजूला घालून क्राऊन बसवला तर बॅकलॅश ०.०८ येतोय आणि रंग आतल्या टोकाकडं जास्त सरकलाय. उंचीला मात्र मधेच आहे, वर शेंड्याला नाही आणि खाली मुळाला नाही. क्राऊनच्या पाठीकडची शिम कमी-जास्त करून बघू की पिनियनची खोली बदलू?

रिव्हर्स_गियर (पुणे, एमएच १२)

फोटो बघितले, माघार घेतो 🙏 असला कप मी पहिल्यांदाच बघितला. तरी एक स्पेअर मिळाला तर घेऊन ठेवा असं अजूनही म्हणेन, या गाड्यांचं सामान दर वर्षी आटतच चाललंय. झाकणं, फ्लँज, सेन्सर, हे सुटं सहज मिळत नाही.

जुना_टर्नर (कोल्हापूर)

पिनियनला हात लावायचा नाही. उंचीला पॅटर्न मधे आहे ना, मग खोली बरोबर आहे. रंग दाताच्या शेंड्याकडं गेला असता तर पिनियन क्राऊनपासून लांब आहे, आत घ्यावा लागला असता. मुळाकडं गेला असता तर जास्त आत शिरलाय, बाहेर काढावा लागला असता. तुमचा नुसता लांबीत सरकलाय, आतल्या बारीक टोकाकडं, आणि सोबत बॅकलॅशही कमी. दोन्ही एकच सांगतायत की क्राऊन पिनियनच्या जास्त जवळ आलाय. नवीन बाजूच्या बेअरिंगची रुंदी थोडी वेगळी पडली असणार, असं होतं.

समोरच्या बाजूची ०.१० ची शिम काढून क्राऊनच्या पाठीकडच्या झाकणाखाली घाला. एकूण जाडी तेवढीच राहायला पाहिजे, म्हणजे बेअरिंगचा ताण बदलणार नाही. क्राऊन ०.१० सरकला की बॅकलॅश तेवढाच वाढत नाही, साधारण त्याच्या सत्तर टक्के वाढतो, दाताच्या कोनामुळं. म्हणजे ०.१५ च्या जवळ जाल. परत रंग लावा आणि यावेळी क्राऊनला हातानं किंवा लाकडानं थोडा अडवून पिनियन फिरवा, मोकळा फिरवला तर रंग नीट उमटत नाही. ओढायची बाजू जुन्या फोटोशी जुळली की बस्स. सोडायच्या बाजूला उन्नीस-बीस असलं तरी चालतं.

क्राऊनचे बोल्ट काढले नसतील तर काढू नका. काढले असतील तर नवीन बोल्ट, थ्रेड लॉक आणि समोरासमोर आवळायचं, आणि क्राऊनच्या पाठीवर डायल लावून एक फेरा बघायचा.

मिरज_लोकल

काका तुम्ही फी घेत जावा आता 😅 कुपवाडकर, हाऊसिंग डिझेलनं धुवून हवा मारली का? कोपऱ्यात, झाकणाच्या खाचांत गाळ बसलेला असतो पुराचा, कृष्णेचा गाळ लई बारीक, पावडरच. नवीन बेअरिंगला तोच एमरी पेपर व्हायचा. आणि ब्रीदर, ब्रीदर विसरू नका, त्यात चिखल वाळून बूच बसलं असलं तर आत हवा गरम होऊन सीलमधनंच ऑइल बाहेर मारणार.

घाटवाला (सातारा, एमएच ११)

ब्रीदरचं अगदी बरोबर. ऑइल घालताना जीएल-५ ग्रेडचंच घाला, हायपॉइड सेटमध्ये दात नुसते लोळत नाहीत, घसरतात पण, जीएल-४ तिथं टिकत नाही. आणि उरलेलं जीएल-५ गियरबॉक्समध्ये ओतायचा मोह आवरा, त्यातलं सल्फर सिंक्रोच्या (गियर टाकताना वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगांना खातं. डब्यावर फक्त ९० नंबर लिहिलंय म्हणून दोन्हीकडं तेच, असं आपल्याकडं सर्रास चालतं. तुमच्या डिफरन्शियलमध्ये क्लच प्लेटा नाहीत, तेव्हा वरनं कुठलं लिमिटेड स्लिपचं औषध घालायची गरज नाही, काही दुकानदार सोबत देतात ते.

बसवताना एकटे बसवू नका. जॅकवर लाकडाची फळी, फळीवर डिफरन्शियल, आणि मागच्या माउंटच्या बोल्टला दुसऱ्याचा हात. मागच्या माउंटचा रबर बुश चिरला असेल तर आत्ताच बदला, नाहीतर गियर टाकताना ठप्प असा आवाज येतो आणि माणूस परत बॅकलॅशवर संशय घेत बसतो.

कुपवाडकर (सांगली, एमएच १०)

शिम बदलली, बॅकलॅश ०.१५ आला, पॅटर्न जुन्या फोटोवर ठेवला तर ओळखू येत नाही कुठला कुठला. गाळ निघाला, भरपूर निघाला, सेन्सरच्या भोकाच्या मागं तर थर होता. ब्रीदर तारेनं मोकळा केला. हाफ शाफ्टच्या डाव्या बुटात ग्रीस पांढरं होतं, दोन्ही धुवून नवीन भरलं. माउंटचा बुश पण टाकला.

काल गाडी पेठ नाक्यावरनं हायवेला लावून कराडपर्यंत नेली. सहा लेनच्या कामामुळं सारखा स्पीड फार वेळ धरता येत नाही, पण जिथं ८०-९० मिळालं तिथं मागनं काही नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडून बघितलं, देऊन बघितलं. कराडात थांबल्यावर हाऊसिंगला हात लावला, कोमट होती, हात ठेवता येत होता, सील कोरडी.

घाटवाला म्हणाले होते तसं उजव्या मागच्या चाकातनं अगदी हलकं हूं येतंय आता, डावीकडं वळताना वाढतंय. ते बेअरिंग काढायला हबचा पुलर लागणार. सांगली-मिरजेत कुणाकडं असेल आणि दोन दिवस द्यायची तयारी असेल तर मेसेज करा, येऊन घेऊन जातो.

मिरज_लोकल

आमच्या दोस्ताकडं आहे. पण डिपॉझिट म्हणून जुना कप ठेवायला लागंल, त्याला पोरांना दाखवायचाय, आयटीआयला शिकवतो तो.